ओवी कोणाच्या पट्टीत मोजायची?

सप्ताहातल्या कीर्तनाआधीची पंधरा-वीस मिनिटं मला कीर्तनाइतकीच आवडतात. मंडपात सतरंज्या पडत असतात, टाळकरी एकेक करून येत असतात आणि एका कोपऱ्यात मृदंगाचार्य मांडी घालून बसलेले असतात. शेजारी वाटीत भिजवलेली कणीक. तिचा गोळा ते तळहातावर मळतात, मृदंगाच्या डाव्या पुडीवर मधोमध थापतात, ओल्या बोटांनी कडा बसवतात आणि एक थाप मारून ऐकतात. चिमूटभर काढतात. पुन्हा थाप. थोडी परत लावतात. तिसऱ्या-चौथ्या थापेला कपाळावरची आठी जाते. मग उजव्या अंगाचे गट्टे हातोडीने ठोकायला घेतात.

एका वर्षी असंच बघत बसलो होतो. त्या दिवशी सकाळी मी बी.एस्सी.च्या वर्गात फूरिये श्रेणी शिकवून आलो होतो. फळा साइन-कोसाइनने भरला होता आणि तास संपताना एका मुलाने विचारलं होतं, "सर, हे किती मार्काला येतं?" संध्याकाळी तोच मुलगा मंडपात पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा होता. थाप जुळली तेव्हा ती जुळली हे त्याला माझ्याआधी कळलं, त्याच्या मानेवरून मला ते दिसलं. सकाळी फळ्यावर जे होतं आणि संध्याकाळी कानात जे होतं ते एकच आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून मी जिथे जमेल तिथे एक मागणी करतो आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी विज्ञानाच्या मुलांना आपापल्या गावातली गाणी आणि वाद्यं ध्वनिमुद्रित करायला लावावीत, त्यांच्या ध्वनिलहरींचं गणिती विश्लेषण करायला लावावं आणि त्याचे श्रेयांक द्यावेत. वेगळी योजना किंवा इमारत त्यासाठी लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवीला क्षेत्रीय प्रकल्प आला आहे, भारतीय ज्ञान प्रणालीचे श्रेयांकही आले आहेत. ते पूर्वजांच्या गौरवाच्या पीपीटीवर खर्च होताना मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. गावात ऐकायला गाणं आहे, प्रत्येक मुलाच्या खिशात माइक आहे आणि वर्गात गणितही आहे.

हे गणित समजायला नागपंचमीचा झोका आठवावा. झोक्याचा स्वतःचा एक वेळ असतो. त्याच वेळेला धक्का दिला की झोका चढत जातो. अवेळी दिलेले धक्के एकमेकांना खाऊन टाकतात आणि झोका जागच्या जागी राहतो. कुठलाही आवाज म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात त्याचे सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. या आकड्यांच्या धक्क्यांनी आपण वेगवेगळ्या वेळांचे हजार झोके हलवून बघायचे. जे चढले त्या कंपनसंख्या आवाजात आहेत, जे हलले नाहीत त्या नाहीत. बाकी सगळी चिन्हं हेच काटेकोरपणे लिहिण्यासाठी आहेत. जोसेफ फूरियेने १८०७ साली हा विचार मांडला तो धातूतून उष्णता कशी पसरते हे सांगण्यासाठी. लाग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञाला तो पटला नाही, आणि फूरियेचा ग्रंथ यायला १८२२ साल उजाडलं. पुढे १९६५ मध्ये कूली आणि ट्युकी यांनी या आकडेमोडीची झटपट रीत दिली. १,०२४ आकड्यांसाठी जिथे साडेदहा लाखांच्या घरात गुणाकार लागायचे, ते काम दहा हजारांच्या घरात आलं. मुलांच्या हातातला मोबाइल हे रोज करतो. आवाजाचं चित्र काढणारी ऑडॅसिटी, सॉनिक व्हिज्युअलायझर, प्रात ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात.

आता परत कणकेकडे येतो. ताणलेल्या साध्या गोल चामड्यावर थाप मारली की मूळ कंपाबरोबर त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वरचे कंप निघतात. या पटींचा आपसात मेळ नाही, म्हणून कानाला आवाज मिळतो पण सूर सापडत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध दिलेली शाई, म्हणजे तो काळा घोटीव लेप, हा बेमेळ मोडते. वजन मध्यभागी आल्यामुळे वरचे कंप मूळ कंपाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ओळीत बसतात आणि चामडं सुरात बोलू लागतं. ज्याने पहिल्यांदा शाईचे थर घोटले त्याच्यापाशी हे समीकरण नव्हतं. त्याच्यापाशी कान होता, आणि एकेक थर घोटून पुन्हा ऐकण्याचा धीर होता. डाव्या अंगाला कणीक लावणारे आमचे मृदंगाचार्य तेच दर संध्याकाळी नव्याने करतात. वजन वाढलं की कंप खाली उतरतो, आणि किती उतरवायचा ते त्यांचा कान ठरवतो. आंबाजोगाईच्या परिसराने तर या वाद्याला शंकरबापू आपेगावकरांसारखा वादक दिला. भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा आमच्या दारात रोज कणकेने लिहिला आणि पुसला जातो.

तबला-मृदंगाला रामन मिळाले. हलगीचं काय? हलगीला शाई नाही. कड्यावर ताणलेलं पातळ चामडं, पाचटाच्या नाहीतर कागदाच्या जाळावर शेकायचं, ते ताणलं गेलं की आवाज टणकारतो. तिचे कंप बेमेळच राहतात, आणि म्हणूनच तो आवाज मिरवणुकीच्या गलक्यातून आरपार जातो. एका काठीची टोक आणि दुसऱ्या काठीचा टोल यांनी हलगीवाला जे बोल काढतो, त्यांची भाषा वेगळी आहे. संबळाचंही तसंच. तुळजापूरच्या गोंधळात संबळ वाजतो तेव्हा एका तोंडाचा घुमारा आणि दुसऱ्याचा कडकडाट यांमध्ये गोंधळ्याचा आवाज कुठे बसतो, तुणतुण्याची एकच तार त्या दोघांना कशी सांधते, हे लहरींच्या चित्रात बघण्यासारखं आहे. दरबारी वाद्यांना शास्त्र लाभलं आणि वेशीबाहेर ठेवलेल्या हातांची वाद्यं 'लोककला' या एका शब्दात गुंडाळली गेली. हा अन्याय नुसत्या सत्कारसमारंभांनी फिटणार नाही. त्या वाद्याचा अभ्यास त्याच तोलाने झाला पाहिजे. एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो. ज्या घरातल्या पोरांनी हलगी खाली ठेवून पुस्तक हातात घेतलं, त्यांनी ते विचारपूर्वक केलं आहे. गावाने लादलेलं काम म्हणून जे वाद्य गळ्यात पडलं होतं ते परंपरेच्या नावाखाली पुन्हा त्यांच्या गळ्यात अडकवण्याचा हक्क कोणालाही नाही. वाजवायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. जो वाजवतो त्याच्याकडे मात्र विद्यापीठाने शिकायला जावं.

मराठवाड्याला हे सगळं बाहेरून आणावं लागेल असं कोणी समजू नये. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेव नावाचा माणूस होता. घराणं मूळचं काश्मीरचं, हुद्दा राजाच्या हिशेबखात्याचा. तेराव्या शतकात त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. याच सिंघणाच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला त्याने मठ काढला, तिथल्या शिलालेखाचं साल १२०७. गणित आणि संगीत एका राजाच्या छत्राखाली नांदत होती. शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या ५,०४० मांडण्या होतात हे तर सांगितलंच. शिवाय मांडणीचा क्रमांक दिला तर मांडणी कशी काढायची आणि मांडणी दिली तर क्रमांक कसा काढायचा याची रीतही दिली. हिशेबनिसाच्या हाताला शोभेल असंच हे काम आहे.

पण मला त्याचा सगळ्यात जवळचा वाटतो तो दोन वीणांचा प्रयोग. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेला हा प्रयोग त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन मांडला. दोन्ही हुबेहूब सारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची, ती ध्रुव वीणा. दुसरी चल वीणा, ती पायरीपायरीने उतरवत न्यायची आणि तिचे स्वर ध्रुव वीणेच्या कोणत्या स्वरांशी जाऊन मिळतात ते ऐकायचं. दुसऱ्या उतरणीला गंधार-निषाद (ग-नी) ऋषभ-धैवतांना (रे-ध) भेटतात, तिसरीला ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांना (सा-प). अशा चार उतरणींत बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांचा, हिशेब लागतो.

हे वर्गात सांगताना मी त्याच्या शेजारी आजची एक रीत लिहितो, स्वसहसंबंध. ध्वनिमुद्रणाची एक नक्कल करायची, मूळ तसंच ठेवून नक्कल थोडी थोडी मागे सरकवायची आणि कुठे दोन्ही जुळतात ते बघायचं. आरतीत मागच्या रांगेतला एखादा बरोबर एक कडवं मागे असला की पुन्हा टाळी जुळते, तसं. जिथे जुळलं ते अंतर म्हणजे तालाचं आवर्तन. फार बारीक अंतरांवर बघितलं तर स्वराची उंची. देवगिरीच्या वीणा स्वरांत सरकत होत्या, संगणकातली नक्कल वेळेत सरकते, म्हणजे दोन्ही एकच नव्हेत. शार्ङ्गदेवाला फूरिये माहीत होता असलं काही मला सुचवायचं नाही, असल्या बढाईने त्याचा अपमानच होतो. पण एक स्थिर, एक चल, आणि जुळणी कुठे होते ते पाहा, ही विचारांची चाल तीच आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर सहली नेणाऱ्या शाळांनी तोफेइतकाच वेळ याला द्यावा.

आता माझ्या मनातल्या खऱ्या काळजीकडे येतो. यंत्र मोजेल, पण कोणत्या पट्टीने?

आपल्याकडे गाणाऱ्याला आधी विचारतात, "पट्टी कोणती? काळी दोन की पांढरी चार?" म्हणजे गळ्याचा षड्जसुद्धा आपण पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतो. पेटीवर माझा राग नाही. तिच्यावाचून आमचं एकही भजनी मंडळ उभं राहत नाही. पण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग आहेत, स्वरांमधलं अंतर मोजायच्या 'सेंट' या मापात प्रत्येकी १०० सेंटचे. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, पेटीचा ४०० वर. चौदा सेंटचा हा फरक तयार कानाला खुपतो. रेडिओने १९४० साली पेटीला बंदी घातली होती आणि १९७१ मध्ये ती सैल झाली. एवढा मोठा वाद या देशात झडून गेला, आणि आज तीच बारा घरं सॉफ्टवेअरच्या पोटात आयती बसलेली आहेत. आपण कोणी हूं की चूं केलेलं नाही. गाणं टाकलं की कित्येक सॉफ्टवेअरं प्रत्येक क्षणाचा आवाज या बारांपैकी एका घरात ढकलतात. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधणीचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी मुद्दाम टेकलेला असतो. यंत्र त्याला ओढून एका घरात बसवतं, नाहीतर बेसूर ठरवतं. तालुक्याच्या गावच्या स्टुडिओतही तेच चालतं. देवीची गाणी म्हणणाऱ्या एका बाईंचं ध्वनिमुद्रण 'सुधारून' दिलेलं मी ऐकलं आहे. आवाज त्यांचाच होता, पण ओळीच्या शेवटी स्वर उतरताना जी एक थरथर असते ती गुळगुळीत पुसली गेली होती. बाईंनी ते ऐकून एवढंच म्हटलं, "चांगलं झालंय, पण हे मी म्हनलेलं न्हाई."

याला उपाय आहे आणि तो गणितातच आहे. आधी त्या गळ्याचा षड्ज शोधायचा, कुठल्याही पांढऱ्या-काळीशी न जोडता. मग गाणं संपेपर्यंत आवाज कोणत्या उंचीवर किती वेळ राहिला याची मोजदाद करायची. खळ्यावर राशी पडाव्यात तशा आलेखावर राशी पडतात. उंच रास तो मुक्कामाचा स्वर, दोन राशींमधली पसरण ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. घरं आधी आखायची नाहीत, राशी पडतील तिथे स्वर म्हणायचं. हिंदुस्थानी आणि कर्नाटक रागसंगीतावर या दिशेने गंभीर काम झालं आहे. बार्सिलोनाच्या विद्यापीठातून २०११ मध्ये सुरू झालेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पात मुंबई आणि मद्रास इथल्या आयआयटीचे संशोधक होते. तुर्की मकाम आणि चिनी ऑपेराही त्यात होते. गोंधळ, भारूड, बंजारा तांड्यावरची होळीची लेंगी, खुलदाबादच्या उरुसातली कव्वाली यांच्यासाठी तशी कळकळ असणारे लोक इथूनच उभे राहायला हवेत.

माझा स्वतःचा एक धडा सांगतो. जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलं. लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या, पुढे बर्नार्ड बेल यांच्यामुळे ध्वनिमुद्रणंही झाली आणि आज तो ठेवा ग्रामीण भारताच्या 'पारी' या संकेतस्थळावर खुला आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या, १९९६ साली मुद्रित झालेल्या ओव्या त्यात आहेत. शब्द मोठ्या प्रमाणावर टिकले, पण ज्या सुरात आणि लयीत ते म्हटले गेले ते त्या मानाने फार थोडं हाती लागलं. म्हणून मीही मोबाइल घेऊन आत्याकडे गेलो. तिच्याकडे उन्हाळ्यात तूर भरडायला जातं अजून बाहेर निघतं. तासभर मुद्रण केलं. चित्रात दगडाची घरघर खालपासून वरपर्यंत पसरलेल्या धुरकट पट्ट्यासारखी दिसत होती, प्रत्येक फेऱ्याला दाट-विरळ होणारी. तिच्यावर आत्याच्या आवाजाच्या एकावर एक बारीक रेघा. स्वसहसंबंधाने जात्याच्या फेऱ्याचा वेळ लगेच सापडला. ओवीचा चरण ठरावीक फेऱ्यांत बसतो असं मी मुलांना छातीठोक सांगत आलो होतो. आलेख ते मानेना. तीन चरण बसत आणि मधूनच एक लांबे, कधी दुसरा, कधी चौथा. मी मुद्रणात दोष शोधला, खिडकीची लांबी बदलली, दोन दिवस घातले. शेवटी आत्याला विचारलं.

"काय मोजायलास रं?" ती म्हणाली. "वैरण घालताना एक हात सुटतो, जातं जड होतं. ओवी लांबतीच की."

ती मूठभर तूर जात्याच्या तोंडात टाकत होती तेव्हा चरण लांबत होता. मुद्रण पुन्हा लावलं, आणि प्रत्येक लांबलेल्या चरणाआधी दाणे पडल्याची बारीक सरसर चित्रात होतीच. मला ती दिसली नव्हती, कारण तिथे काही असेल हेच मला ठाऊक नव्हतं. आकृतिबंध गणिताने काढून दिला, त्याचा अर्थ जातं ओढणाऱ्या बाईला माहीत होता. म्हणून माझा आग्रह आहे की हे काम दूरच्या संगणकात आमची गाणी ओतून होऊ नये. विश्लेषण करणारा आणि गाणारी यांच्यामध्ये एका ओट्याइतकंच अंतर असावं.

खिडकीचा उल्लेख आलाच आहे, तर तेही सांगतो. आवाजाचा किती लांबीचा तुकडा घेऊन मोजायचं, ती खिडकी. १,०२४ आकड्यांची खिडकी म्हणजे २३ मिलिसेकंद. हलगीचा ठोका नेमका कधी पडला ते ती सांगते, पण ४३ हर्ट्झपेक्षा, म्हणजे सेकंदाला ४३ कंपांपेक्षा, बारीक स्वरभेद तिला कळत नाही. खिडकी चौपट केली तर स्वर बारीक कळतो आणि ठोका पुसट होतो. डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये दाखवलेली ही मर्यादा आहे, महागडं यंत्र आणून ती जात नाही. कोणती खिडकी लावायची हे गाण्यावरून ठरतं. त्यासाठी गाणं कळावं लागतं.

"गाण्याची अशी चिरफाड केली तर त्यातला भाव राहील का?" हे मला गायकमंडळी विचारतात, आणि प्रश्न मनापासूनचा असतो. मी त्यांना कणकेकडे बोट दाखवतो. चिमूट काढणं, चिमूट लावणं ही मोजणीच आहे आणि तिने कोणाचं कीर्तन कोरडं झालेलं नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, मुलांना नसलेले आकृतिबंध दिसू लागण्याची. आकडे पुरेसे उलथेपालथे केले की काहीही जुळवता येतं. म्हणून एक शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. ठोक्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसायचा आणि तेच गणित पुन्हा करायचं. पिसल्यावरही आकृतिबंध तसाच निघाला तर तो गाण्यातला नव्हे, आपल्या डोक्यातला. आणि गाणाऱ्याला तो दाखवल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही.

मालकीचंही आत्ताच ठरवलं पाहिजे. आवाजांचे ढीग गोळा करून यंत्रांना गायला शिकवण्याचे दिवस आले आहेत. आमच्या बायांनी विश्वासाने म्हटलेल्या ओव्या त्या ढिगात निनावी जाऊ नयेत. प्रत्येक मुद्रणाबरोबर गाणारीची संमती हवी, तिला हवं असेल तर तिचं नाव आणि गाव हवं, एक प्रत तिच्या घरी, एक गावच्या वाचनालयात. मुद्रण मूळ स्वरूपात जपावं, दाबून लहान केलेल्या फायलीत नव्हे, कारण दाबताना जो बारीक आवाज टाकून दिला जातो त्यातच दाण्यांची सरसर असते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांनी मिळून ही जबाबदारी घ्यावी. संगीत आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र बसावं. आणि घाई करावी. ज्यांना जात्यावर शंभर ओव्या येतात त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

येत्या सप्ताहात मी प्रयोगशाळेतला तराजू मंडपात नेणार आहे. चिमूट किती ग्रॅमची आणि तिच्याने कंप किती उतरतो, याचा आलेख मुलं काढणार आहेत. मृदंगाचार्यांना विचारलं तेव्हा ते क्षणभर बघत राहिले, मग हो म्हणाले. अट एकच घातली: कणीक तुम्ही जोखा, पण थाप मारून "आता लागला" हे मी म्हणेन तेव्हाच लागला. मार्क विचारणारा तो मुलगा आता शिकून परत आला आहे, तो वही घेऊन बसणार आहे.